फळीखालचा बोल्ट

सात मिनटांचं काम हाय ते. आधीच सांगून ठेवतो पावणं, मागनं कुणी म्हणाय नको की रशीद मिस्त्रीनं येळ लपीवला. डिझेलच्या फिल्टरमधलं पाणी सोडायला तीन मिनटं आनि लायनीत धरलेली हवा काढायला चार. हात तेलकट असू द्या, पाना झिजलेला असू द्या, फार तर आठ. नववं मिनिट लावंल त्यो मिस्त्रीच न्हवं.

बावीस वर्सं मी लाँच चालवली. हितनं, मलकापुरापास्नं, सोळा किलोमीटरवर धरण हाय आनि धरणाच्या पाण्यापल्याड एक वाडी अडकून बसलीया. चाळीस घरं. तीन बाजूला पाणी, चौथ्या बाजूला जंगल. चालत निघालासा तर चार तास. म्हणून लाँच. सकाळी आठ, दुपारी बारा, संध्याकाळी चार अशा तीन फेऱ्या. दहा-पंधरा माणसं, दुधाचे कॅन, कवा एखादी शेळी. ह्या काठाला याला पंचवीस मिनटं लागायची.

मधेच कुणाला लाँच पायजे असली तर नियम एकच हुता, पेशंट असंल तरच. आता असला नियम केल्यावर काय हुणार? सगळी वाडी पेशंट झाली! कुणाचा आठवड्याचा बाजार चुकलाय, लाव फोन, "रशीदभाई, पेशंट हाय." कुणाला पावण्यांच्यात जेवाय जायचंय, "पेशंट हाय." मी धडपडत जावं आनि बघावं तर घोंगडं पांघरून नवरदेव पडलाय, मुंडावळ्या घोंगड्याच्या बाहेर. एकदा तर घोंगड्याखाली बोकड हुता. ह्या खेळाचा म्होरक्या कोण म्हणालासा, तर माझाच खलाशी, गुंडू. त्याच वाडीतला. सुट्टी घेतलेल्या दिवशी मलकापुरात कुस्त्यांचं मैदान असलं की हे बेनं पोट धरून धक्क्यावर लोळणार, "मेलो, मेलो" म्हणणार, आनि लाँच ह्या काठाला टेकली की टुणकन उडी मारून वडापच्या जीपमधी. मी त्येच्या नावानं ठणाणा करायचा. त्यो जीपमधनं हात हलवायचा.

आता डिझेलात पाणी येतं कुठनं, असं शाणी माणसं इचारत्यात. अवो, शाहूवाडी तालुक्याचा पाऊस हाय ह्यो! कॅन जीपमधनं येणार, टाकीत वतताना वरनं धार सुरूच. त्यात टाकी रात्रभर अर्धी ऱ्हायली की आतनं तिला घाम फुटतो. ते सगळं पाणी तळाला बसतं आनि तिथनं फिल्टरला येतं. पयल्या फिल्टरला खाली काचंची वाटी असती. वर पिवळं डिझेल, खाली पांढरं पाणी, नजरंला दिसतं. वाटीच्या बुडाला स्क्रू. रोज सकाळी पयल्या फेरीआधी त्यो सैल करायचा, पाणी सोडायचं, निखळ डिझेल आलं की आवळायचा. गुंडू खाली स्टीलचा पेला धरायचा. चेपलेला पेला, त्याच कामाचा, इंजनाशेजारी खिळ्याला अडकवलेला. पेला वर धरून त्यो सांगायचा, "आज बोटभर हाय." न्हायतर, "आज दोन बोटं, मिस्त्री, लई पाऊस झाला." बावीस वर्सं आमचा दिवस तिथनं सुरू व्हायचा.

एवढं सगळ्यांना ठावं हुतं. एक गोष्ट मात्र कुणालाच न्हवती. आठ-धा वर्सांमागं डिझेलची नळी फुटली. नवी टाकताना ती मला तळातल्या लाकडावरनं उचलून न्यावी लागली, नळीला तिथं उंचवटा आला. आनि हवा लई हरामी जात, उंचवटा दिसला की तिथंच जाऊन बसती. एकदा का लायनीत हवा शिरली की फिल्टरशेजारचा हातपंप दाबून दाबून तुमचा अंगठा सोलंल, पर डिझेल म्होरं सरकायचं न्हाय. म्हणून मी त्या उंचवट्याला एक नट झाळून घेतला आनि त्यात बोल्ट बशीवला. बोल्ट सैल करायचा, हातपंपाचे धा-बारा झटके मारायचे, बुडबुडे सरले की आवळायचा. झालं. वरनं फळी. टाकीकडनं चौथी. गुंडूला बी कवा दाखीवला न्हाय. त्या टायमाला त्येला मी दोर बघाय पाठवायचा. का म्हणून? अवो, मिस्त्रीनं एक तरी बोल्ट आपल्यापाशी ठिवावा लागतो. न्हायतर त्येला इचारतंय कोण?

मग गेल्या साली लाँचचा ठेका बदलला. नव्या ठेकेदाराचा भाचा राजवीर, आयटीआय पास, डोळ्याला काळा चष्मा, त्यो ड्रायव्हर. मला सांगितलं, म्हाताऱ्या, किल्ली दे. दिली. वर म्हणलं, ये पोरा, इंजनाची खोड समजून घे. धक्क्यावर सगळी वाडी जमलेली. गुंडूनं पेला धरला, मी वाटीचा स्क्रू सोडला, दोन बोटं पाणी निघालं. राजवीरनं पेला हातात घेतला, नाकाला लावला आनि मोठ्यांदा म्हणला, "मायला! चाचा, बावीस वर्सं रोज सकाळी हिची लघवी तपासत हुतासा व्हय?"

हसली की सगळी. धक्का हादरला. बायाबापड्या पदर तोंडाला लावून हसल्या. ती हसली त्येचं मला काय न्हाय. पर गुंडू हसला. गुडघ्यावर हात मारून, खोकला लागंपतोर, खाली बसून हसला. बावीस वर्सं ज्येनं त्यो पेला धरला, त्यो!

मी पाने फडक्यात बांधले आनि उतरलो. बोल्ट तिथंच ऱ्हायला, फळीखाली. त्येनं इचारलं न्हाय, मी सांगितलं न्हाय.

पुढच्या म्हयन्यात राजवीरनं गुंडूला बी घरी बशीवला. दोर टाकायला माणूस कशाला, म्हणला. गुंडूनं मला फोन केलं, चार, पाच, धा. मी उचललं न्हाय. मे म्हयन्यात त्येनं जीपवाल्यासंगं फणस धाडला, कापा फणस, मला आवडतो म्हणून. मी त्यो दारात तसाच ठिवला, माश्या बसंपतोर. माझी बायको नजीरा म्हणली, "हसला तर हसला. माणूस हाय." घरात आमी दखनी बोलतो, पर तुमाला मराठीतच सांगतो. मी म्हणलं, सगळ्या जगानं हसू दे, त्येनं हसायचं न्हाय. तिनं फणस उचलून म्हशीला घातला.

असं वरीस गेलं. मी घरापुढं पत्रा टाकून फवारणीचे पंप दुरुस्त करत बसलो. आनि मग ह्या श्रावणात, मंगळवारी सकाळी, सव्वानऊला फोन वाजला. राजवीर. मी नाव बघितलं आनि फोन पालथा घातला. परत वाजला. परत पालथा. तिसऱ्यांदा नजीरा चहा घेऊन आली, म्हणली, "उचला की. कवाचा वाजतोय." चौथ्यांदा उचलला, साडेनवाला.

"चाचा, लाँच बंद पडलीया. पाण्याच्या मधोमध हाय. वाटीत निस्तं पाणी हुतं, मी सोडलं, तर आता इंजन हवा धरून बसलंय. स्टार्टर मारून मारून बॅटरी बी गेली. काय करू सांगा की."

काय सांगू पावणं, मला काय वाटलं ते! छातीत गार वाटलं. वर्सभर ज्येची वाट बघितली ते फोनातनं चालत आलं.

"कोण चाचा?" मी म्हणलं. "हितं रशीद मिस्त्री ऱ्हातो. मिस्त्री म्हणायचं."

"रशीद मिस्त्री, लवकर सांगा ओ. पेशंट हाय लाँचमधी."

मला हसूच फुटलं. "पेशंट? वा रं पठ्ठ्या! आठची फेरी गेली, बाराची याची हाय, मधीच साडेनवाला पेशंट! घोंगडं पांघरलंय न्हवं? मुंडावळ्या दिसत्यात का बघ बाहेर."

"खरंच हाय ओ. छातीत दुखतंय, घाम आलाय."

"आमच्या टायमाला पोटात दुखायचं. आता छातीत चढलं व्हय?"

नजीरा दारात उभी हुती. म्हणली, "सांगा की त्येला." मी तिला हातानं गप केलं आनि चहाची बशी उचलली. म्हणलं, "राजवीर, त्या दिवशी धक्क्यावर पेला नाकाला लावून काय म्हणला हुतास रं? मला नीट आठवंना."

 वाऱ्याचा आवाज तेवढा येत हुता.

"आठवल्यावर फोन कर," म्हणलं आनि ठेवून दिला.

दोन मिनटांनी परत आला. बोलला बिचारा. शब्दन् शब्द बोलला, लघवी बी म्हणला. मी म्हणलं, मोठ्यांदा. त्यो मोठ्यांदा बोलला. म्हणलं, आता माफी माग. मागितली. म्हणलं, अशी न्हवं, 'मला इंजनातलं काय कळत न्हाय' असं म्हण. ते बी म्हणला. मी चहा संपवला. बशी खाली ठिवली. पावणेधा झालं हुतं.

बोल्टाचं तवाच सांगायला पायजे हुतं. चौथी फळी, एवढे दोन शब्द. पर जिभंला चटक लागली हुती. मी म्हणलं, "पयला फिल्टर सगळा उतरव. वाटी धू. कोरडी पूस." गरज न्हवती त्येची. वाटी रिकामी झाली हुती, काम झालं हुतं.

"पुसायला फडकं न्हाय, मिस्त्री."

"अंगात शर्ट हाय न्हवं?"

त्येनं शर्ट काढून पुसली. वर पाऊस सुरू झालता म्हणं. फिल्टरचा बोल्ट आवळताना त्येचा तांब्याचा वायसर खाली घरंगळला, त्यो हुडकण्यात आनि पाच मिनटं गेली. मी शिव्या देत ऱ्हायलो. सुक्काळीच्या, आयटीआयला काय गवऱ्या थापाय शिकीवल्या का? मुडदा बशीवला तुझा, हात हाय का पाय? सगळं ऐकून घेतलं त्येनं. मला वाटलं, अजून ऐकून घेईल. अजून लई शिल्लक हाय माझ्यापाशी.

वाटी बसली. म्हणला, "आता?"

"आता हातपंप मार. दोनशे झटके. मोठ्यांदा मोजायचं, मला ऐकू आलं पायजे. एक चुकला तर पयल्यापास्नं."

आता नीट ऐका. बोल्ट आवळलेला असताना दोनशे काय, दोन हजार झटके मारलं तरी काय उपयोग न्हाय. हे मला ठावं हुतं. म्हणूनच सांगितलं. त्येला घाम फुटावा, अंगठा सोलावा, आनि शेवटाला काय बी हुऊ नये, आनि मग मी म्हणावं, लेका, एक फळी हाय, ती उचल. असं माझं ठरलं हुतं.

त्यो मोजाय लागला. एक. दोन. तीन. फोन त्येनं शेजारी ठिवला असावा, आवाज लांबनं येत हुता. वीस. तीस. पन्नासला धाप लागली. मी फवारणीच्या पंपाचा वायसर कापत बसलो. नजीरा माझ्याकडं एकटक बघत हुती. म्हणली, "त्येला खरंच दोनशे लागत्यात?"

"तू आत जा."

गेली न्हाय ती. शंभर झालं. एकशे चाळीसला त्येचा आवाज फुटला. रडाय लागला. "मिस्त्री, माणूस मरतंय ओ हितं."

"मोज," मी म्हणलं.

मोजलं त्येनं. एकशे एक्केचाळीस. एकशे बेचाळीस. रडत, हुंदके देत, दोनशेपतोर गेला. मग म्हणला, "झालं. हँडल मारून बघितलं, धरत न्हाय."

"धरणारच न्हाय," मी म्हणलं. "टाकीकडनं चौथी फळी उचल. खाली नळीला बोल्ट हाय. दहा नंबरचा पाना लाव, अर्धा फेरा सैल कर आनि पंप मार. बुडबुडे बंद झालं की आवळ."

 मग फळीचा आवाज. मग पान्याचा. मोजून चार मिनटं. आनि मग इंजनाची पयली ढस, दुसरी ढस, आनि मग सलग. माझं इंजन! त्येचा आवाज कानावर आला आनि मी उभाच ऱ्हायलो खुशीनं, खोटं कशाला बोलू. घड्याळात धा वाजून धा झालं हुतं. चाळीस मिनटं.

"आता बोल," मी ओरडलो, "कोण हाय तुझा पेशंट? कुणाची म्हस?"

इंजनाच्या आवाजात त्येचं नीट ऐकू येईना. मग त्यो फोनच्या जवळ तोंड आणून म्हणला, "गुंडूमामा हायत, चाचा. त्येनीच सांगितलं हुतं, माझं नाव घेऊ नको. नाव घेतलंस तर रशीद फोन ठेवंल म्हणून."

नजीरानं फोन ऐकला न्हवता, पर माझं तोंड बघितलं. ती आत गेली आनि गाडीची किल्ली आणून माझ्या हातात दिली.

दवाखाना आमच्या घरापास्नं पाच मिनटांवर. मी दारात जाऊन उभा ऱ्हायलो. अकरा वाजून गेल्यावर जीप आली. मागच्या शिटावर तानाबाई, गुंडूची बायको, आनि तिच्या मांडीवर त्येचं डोकं. डॉक्टर पायऱ्या उतरून जीपमधीच चढलं. मनगट धरलं, डोळ्यात बॅटरी मारली, गळ्याला बोटं लावली. खाली उतरून म्हणलं, "अर्धा तास आधी आला असता तर काहीतरी करता आलं असतं." कुणाला दोष दिला न्हाय त्येनी. ते त्येंचं रोजचं वाक्य असंल. तानाबाईनं मला बघितलं आनि माझे दोन्ही हात धरून रडाय लागली. त्या हातांना डिझेलचा वास बी न्हवता त्या दिवशी. मी तर घरात बसून चहा पिलो हुतो.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. सकाळच्या फेरीनं मी वाडीला निघालो. वर्सानं लाँचवर पाय ठेवला. राजवीरनं माझ्यादेखत वाटीचा स्क्रू सोडला, पाण्याची कापलेली बाटली खाली धरली. बोटभर पाणी निघालं. आवळला. इंजन सुरू केलं. माझ्याकडं बघितलं न्हाय. पाण्याच्या मधोमध आल्यावर, पुढं बघतच बोलला.

"काल मुद्दाम लायनीत हवा घेतली, चाचा. फळी काढली, बोल्ट सैल केला आनि पंप मारला. बारा झटक्यात धार आली."

माझी नजर चौथ्या फळीवर गेली.

"बारा," त्यो परत म्हणला. "दोनशे कशाला मारायला लावलं?"

मी म्हणलं, "कुणाला बोललास हे?"

"न्हाय. कुणी इचारलं न्हाय." मग म्हणला, "मी बी वर्सभर वाटीकडं बघितलं न्हवतं. ते तरी कुणाला सांगू?"

त्येच्या उजव्या अंगठ्याला पट्टी हुती. तेवढंच मी बघत बसलो, काठ येईपतोर.

रक्षा पाण्यात सोडली. माणसं घराच्या सोप्यात येऊन टेकली, चहा फिरला. मी उंबऱ्याजवळ बसलो, राजवीर दाराच्या पल्याड. तानाबाई आतनं आली. हातात त्यो चेपलेला पेला. राजवीरला नको हुता म्हणून गुंडूनं त्यो घरी आणून ठिवला हुता म्हणं.

"घेऊन जावा रशीदभाऊ," म्हणली. "कितींदा घासला, वास जात न्हाय. ह्येनी मला त्यात पाणी बी पिऊ दिलं न्हाय कवा. म्हणायचं, मिस्त्रीचा हाय, त्येला द्यायचाय, येऊ दे त्येचा राग उतरून."

मग ती सगळ्यांकडं वळली आनि सांगाय लागली. मी अडवायला पायजे हुतं. अडवलं न्हाय.

"ह्या रशीदभाऊंमुळं इंजन सुरू तरी झालं. न्हायतर मधोमधच गेला असता माझा मालक. फोनाबाहेर ऐकू येतील असल्या शिव्या देत हुतं हे, राजवीरला. आमच्या मालकांनी ऐकलं आनि तशात हसलं बघा. म्हणलं, 'रशीद शिव्या देतोय न्हवं? मग हुतंय चालू. ज्या दिवशी त्यो गप बसंल त्या दिवशी पवाय लागंल.' माझ्या मांडीवर डोकं ठेवून शांत पडलं मग. भ्यालं न्हाईत अजिबात."

सोप्यातली माणसं माझ्याकडं बघून माना हलवाय लागली. एक म्हातारा म्हणला, "दोस्ती म्हणत्यात ती ही."

"आनि मग राजवीर मोजाय लागला," तानाबाई म्हणली. "तर ह्येनी बी त्येच्यासंगं मोजाय लागलं. बोटं दुमडून दुमडून. मी म्हणलं, बोलू नका, दम लागतोय. तर म्हणलं, 'गप गं, रशीदनं सांगितलंय म्हणल्यावर तेवढं झालं की इंजन धरणार.' एकशे बासष्टपतोर मोजलं बघा. ओठ हलत हुतं. एकशे बासष्टला हात खाली पडला, शुद्ध गेली. राजवीर म्होरं किती मोजत गेला, ते मला ऐकूच आलं न्हाय."

 तिनं पदरानं डोळं पुसलं आनि मला इचारलं, अगदी साध्या आवाजात, "किती मोजाय लागतंय ओ ते?"

राजवीर दारातनं माझ्याकडं बघत हुता. पट्टीचा अंगठा त्येनं दुसऱ्या हातात धरला हुता. बारा म्हणायचं, एवढंच. सोप्यात वीसभर माणसं हुती, सगळ्यांपुढं म्हणायचं, वैनी, बारा. आनि ते बी मी बोल्टाचं आधी सांगितलं असतं तर.

"दोनशे," मी म्हणलं.

तानाबाई बोटांवर हिशेब करत बसली. शिकलेली न्हाय ती, येळ लागला. मग मान वर करून म्हणली, "मंजी थोडकंच ऱ्हायलं हुतं की ओ. अडतीसच."

"व्हय, वैनी," मी म्हणलं. "अडतीसच."